ट्रायकोकार्ड लावलं, तरी अळी आलीच? दोष कुठे आहे ते असं शोधा

दरवर्षी पोळ्याच्या आसपास माझा फोन वाजायला लागतो. जूनच्या पावसावर लावलेला कापूस तेव्हा फुलावर आलेला असतो, सापळ्यांत पतंग पडायला लागलेले असतात, आणि पलीकडून ठरलेलं वाक्य येतं : "ताई, कारड लायं, पन त्यामाईन काहीच निंघनं नही." कधी याच्या उलट : "निंघनं ते निंघनं, पन अळी उनीच ना!"

मी जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव-एरंडोल भागातल्या शेतकरी गटांना ट्रायकोकार्ड, म्हणजे पतंगाची अंडी नासवणाऱ्या बारीक माशीची कार्डं, पुरवते. त्याआधी सहा वर्षं मित्रकीटकांच्या प्रयोगशाळेत हीच कार्डं स्वतःच्या हातानं बनवली. त्यामुळे कार्ड बनवताना काय बिघडतं ते माहीत आहे आणि शेतात पोहोचेपर्यंत काय बिघडतं तेही. बहुतेक वेळा कार्ड चांगलं असतं, माशीही चांगली असते. चुकलेला असतो तो दिवस, नाहीतर वाटेतला एखादा तास. ते शोधून काढता येतं, आणि त्यातल्या निम्म्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

ज्यांनी कार्ड नुसतंच बांधलं आहे, आत काय आहे ते कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या कुळातली माशी, पण आकारानं जेमतेम अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. माणसाला डसत नाही, पिकाला हात लावत नाही. पतंगानं घातलेल्या अंड्यात ती स्वतःचं अंडं घालते. आत तिची अळी वाढते, पतंगाच्या अंड्यातला सगळा ऐवज खाते आणि आठवड्याभरानं त्याच अंड्याला भोक पाडून नवी माशी बाहेर येते. कार्डावर चिकटवलेले दाणे म्हणजे कोरसायरा नावाच्या पतंगाची अंडी. हा पतंग तुमच्या घरातलाच आहे : कोठीतल्या जुन्या ज्वारीत, रव्यात जाळी करून बसते ती त्याचीच अळी. एका कार्डावर अशी १८ ते २० हजार अंडी असतात.

आधी लक्षणं

फोनवर मी पहिल्यांदा हेच विचारते की नक्की दिसतंय काय. कारण "कार्ड फेल गेलं" या एकाच वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळे बिघाड दडलेले असतात.

– कार्ड लावून चार-पाच दिवस झाले. दाणे काळे आहेत, पण एकालाही भोक नाही.
– दाण्यांना भोकं पडली, म्हणजे माशा निघाल्या. तरीही आठवड्याभरात डोमकळ्या (आत अळी असल्यानं पाकळ्या मिटून राहिलेली फुलं) दिसायला लागल्या, बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी.
– कार्डावर दाणेच नाहीत, नुसता डिंकाचा डाग.
– कार्डावर पांढरी जाळी आणि बारीक अळ्या. (हे पाहून लोक फार घाबरतात.)
– पहिल्या खेपेला फरक पडला, पुढच्या दोन वाया गेल्या.
– कापसात उपयोग झाला, हरभऱ्यात शून्य.

आपलं लक्षण कोणतं ते ठरवा आणि मग खालच्या तपासण्या याच क्रमानं करा. वरच्या फुकट आहेत, खालच्यांना वेळ आणि माणूस लागतो. मधली गाळून पुढे गेलात तर दोष सापडला असं वाटेल, पण पुढच्या खेपेला तो परत येईल.

१. तुम्ही अळीसाठी कार्ड लावलं की अंड्यासाठी?

ही तपासणी बांधावर उभं राहून होते, आणि सगळ्यात जास्त तक्रारी इथेच संपतात.

ही माशी अळीला काहीही करत नाही. अंड्यातून अळी बाहेर पडली की आपल्या माशीचं काम संपलं. अंडंही ताजं लागतं. घालून एक-दोन दिवस झाले आणि आत अळीचं डोकं तयार व्हायला लागलं, की मादी त्या अंड्यावर चढते, हुंगते आणि सोडून देते. गुलाबी बोंडअळीचं अंडं तीन ते पाच दिवसांत उबतं आणि अळी लगेच फुलात नाहीतर कोवळ्या बोंडात शिरते. ती आत गेल्यावर कार्ड लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी घालणं.

म्हणून दोन तारखा कागदावर लिहा. सापळ्यात पहिला पतंग दिसला ती एक, आणि पहिलं कार्ड लावलं ती दुसरी. दोन्हींत दहा-बारा दिवसांचं अंतर असेल तर पुढची एकही तपासणी करायची गरज नाही. दोष सापडला.

कामगंध सापळेच (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले नसतील तर तेही कारणच धरा. हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन सापळे पुरतात. पतंग रात्री उडतात, अंडी पाकळीच्या बुडाशी, पात्याखाली, बोंडाच्या देठाजवळ घालतात. ती आपल्याला सहज दिसत नाहीत. अंडी आली हे आपल्याला सापळ्यातल्या पतंगावरूनच कळतं. मी सांगते ते असं : कापूस पाते-फुलांवर आला आणि सापळ्यात पहिले पतंग दिसले, की त्याच आठवड्यात पहिलं कार्ड. मग दर सात दिवसांनी एक याप्रमाणे निदान तीन खेपा. माशी शेतात थोडेच दिवस जगते आणि पतंग मात्र रोज अंडी घालतो, म्हणून एका खेपेनं भागत नाही.

आणि आणखी एक, कारण हेही विचारलं जातं : मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी हे कार्ड नाही. रावेर-यावलकडून केळीच्या सोंडकिड्यासाठी कार्ड मागणारे फोन येतात. तो भुंगा आहे, त्याची अंडी खोडाच्या आत असतात. तिथे ही माशी पोहोचत नाही. मी कार्ड देत नाही.

२. कार्ड भिंगाखाली धरा

दहा पट दाखवणारं साधं भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. मोबाइलचा कॅमेराही बराच जवळ जातो, पण भिंगाची सर नाही.

कार्ड उजेडात तिरकं धरा. माशीनं अंडं घातलेला दाणा तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळा होतो, आणि तो काळा चकचकीत असतो. ज्यात माशीनं अंडं घातलंच नाही तो दाणा पांढुरका राहतो आणि वाळून चपटतो. बोटाच्या पेराएवढ्या जागेतले शंभर दाणे मोजा. ऐंशीच्या वर काळे असतील तर कार्ड चांगलं बनलं आहे. निम्मेच काळे असतील तर तुम्ही पूर्ण कार्डाचे पैसे देऊन अर्धं कार्ड आणलं आहे. ते परत करा आणि त्याच बॅचचं दुसरं घेऊ नका.

काळ्या दाण्याला गोल, नीट कडेचं भोक असेल तर त्यातून माशी बाहेर गेली. भोक नसेल तर सुईच्या टोकानं दोन-चार दाणे फोडून बघा. आत वाळलेली माशी आणि तिचे लालसर डोळे दिसले, तर ती पूर्ण वाढून निघायच्या बेतात असताना मेली. अशी माशी मी पाहते तेव्हा पहिला संशय उन्हावर घेते. आत नुसता पिवळट ओला गर असेल तर ती अजून तयारच झालेली नाही, किंवा लवकरच्या अवस्थेत मेली. मग कार्डावरची तारीख बघायची.

मळकट काळा, बुरशीसारखा रंग वेगळा. ते कार्ड कुठेतरी ओलं झालं आहे.

पांढरी जाळी आणि अळ्यांबद्दल : काळजी करू नका, ती कोरसायराची अळी आहे, कापसाची नाही. कार्ड बनवताना कोरसायराच्या अंड्यांना अतिनील दिव्याखाली धरतात, म्हणजे आतला गर्भ मरतो आणि माशीला मात्र ते अंडं चालतं. तो दिवा कमजोर झाला की वाचलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात. त्या पिकाला धोका करत नाहीत, पण शेजारच्या काळ्या दाण्यांवर जाळी करतात. बनवणाऱ्याला फोटो पाठवा, त्यालाही ते कळायलाच हवं.

३. बाटलीची चाचणी

माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच करत नाहीत.

मी एका कार्डाच्या २० पट्ट्या करते. तुम्हीही त्यातली एक पट्टी शेतात नेऊ नका. घरी ठेवा. काचेची स्वच्छ बाटली घ्या, लोणच्याची किंवा तेलाची नको, वास राहतो. पट्टी आत टाका आणि तोंडाला दाट विणीचं सुती कापड रबरानं घट्ट बांधा. मलमलही पातळ वाटली तर दुहेरी करा, ही माशी साध्या मच्छरदाणीतून आरामात निघून जाते. बाटली घरात सावलीत ठेवा, देवघराच्या कोनाड्यात चालेल, पण टीव्हीवर किंवा खिडकीच्या उन्हात नको.

माशा बहुतेक पहाटे आणि सकाळी निघतात. माझ्या ओट्यावरची बाटली मी साडेसहाला बघते. आधी वाटतं काचेला धूळ चिकटली आहे. मग ती धूळ उजेडाकडे सरकायला लागते. भिंग लावलं की प्रत्येक कण चालताना दिसतो, मिशा खालीवर करत. एखादी मादी अजून पट्टीवरच असेल तर ती शेजारच्या दाण्यावर चढते, मिशांनी तो वरून खालून ठोकून बघते, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून त्याचं माप घेते आणि मग शेपटीकडचा भाग टेकवून मिनिटभर स्तब्ध उभी राहते. शेतात ती हेच करणार असते. मी गटातल्या बायकांना हे एकदा दाखवलं, त्यानंतर त्यांनी कार्ड कधी उन्हात ठेवलं नाही.

आता निकाल.

घरी माशा निघाल्या आणि शेतातल्या पट्टीवर भोकं नाहीत किंवा दाणेच गायब आहेत, तर दोष शेतात आहे. तपासणी ५ आणि ६ कडे जा.

घरीही काही निघालं नाही, तर दोष कार्ड तुमच्या हातात येण्याआधीचा किंवा वाटेतला. तपासणी ४.

दोन्हीकडे भोकं पडली, तरी अळी आली, तर माशी निघाली पण तिला अंडं मिळालं नाही किंवा निघाल्यावर ती मेली. पुन्हा तपासणी १ च्या तारखा बघा, मग ६ आणि ७.

बाटलीत माशा जास्त वेळ जिवंत ठेवून बघायच्या असतील तर कापडाला आतून मधाची अगदी पुसट रेघ ओढा. थेंब टाकू नका, त्यात त्या बुडतात.

४. कार्डाचा प्रवास

पारोळ्याजवळच्या एका गावात एकाच बॅचची दहा कार्डं गेली. सहा जणांच्या माशा निघाल्या, चौघांच्या नाहीत. चौघांत एक गोष्ट सारखी होती : त्यांची कार्डं दुपारच्या बसनं आली होती आणि ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवली होती. त्या झाकणावर हात ठेवून बघा. माशीला ३५ अंशांच्या वरचं तापमान सोसत नाही, आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यातही पारा तिथवर जातो. बंद डिक्कीत, उन्हात उभ्या मोटारसायकलच्या पेटीत त्याहून जास्त. अर्धा तास पुरतो.

काय विचारायचं ते सांगते. कार्ड कुठून निघालं, किती वाजता, कशात बांधून? तुम्ही घेतल्यावर थेट घरी गेलात की बाजार करून गेलात? औषधाच्या बाटल्या आणि कार्ड एकाच पिशवीत होते का? कृषी केंद्रातल्या कपाटात कीटकनाशकांशेजारी ठेवलेलं कार्ड मी हातात घेत नाही. नुसत्या वाफेनंही माशी मरते.

फ्रिज : आठ ते दहा अंश लागतात. घरच्या फ्रिजमध्ये याचा अर्थ सगळ्यात खालचा भाजीचा कप्पा. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं कार्ड गेलंच म्हणून समजा. कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि दाणे ओले होतात. खालच्या कप्प्यात आठवडा-दहा दिवस ठीक, त्यापुढे रोज थोड्या माशा आतच मरतात. ही सोय पाऊस लागला तर दोन दिवस थांबता यावं यासाठी आहे, हंगामाचा साठा करण्यासाठी नाही. वीज गेली तर? चार तासांचं भारनियमन असेल तर दार उघडू नका, एवढंच.

उन्हाळी पिकात, मे महिन्यात कार्ड मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. जळगावचा मे कुणाला समजावून सांगायला नको.

५. कुठे बांधलं, कसं बांधलं, कुणी खाल्लं

इथे शेतात जाऊन वाकून बघावं लागतं.

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी साधारण ६० हजार माशांची, म्हणजे तीन कार्डांची मात्रा धरतात. तीन कार्डांच्या ६० पट्ट्या झाल्या. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर, तेव्हा एका पट्टीच्या वाट्याला आठ मीटर बाय आठ मीटरचा तुकडा येतो. चार फुटांवर ओळी असतील तर दर सहावी ओळ, आणि ओळीत दहा-अकरा मोठ्या पावलांवर एक पट्टी. एवढं मोजून का? कारण ही माशी फार लांब उडत नाही, बरंचसं चालतच शोधते. मी अशी शेतं पाहिली आहेत जिथे तिन्ही कार्डं बांधावरच्या तीन झाडांना अख्खीच्या अख्खी टाचलेली होती. बांधालगतच्या दोन-चार ओळी वाचल्या आणि मधलं शेत तसंच राहिलं. "कडेला फरक आहे, मध्ये नाही" असं कुणी सांगितलं की मी हेच विचारते.

पट्टी पानाच्या मागच्या बाजूला, झाडाच्या मधल्या-वरच्या भागात स्टेपलरनं टाचा. दाण्यांची बाजू खाली सावलीत राहिली पाहिजे. पिन दाण्यांमधून नाही, मोकळ्या टोकातून मारा. वेळ संध्याकाळची. पहाटे माशी निघते तेव्हा तिला गारवा आणि दव मिळतं. सकाळी अकराला टाचलेल्या पट्टीतून निघालेल्या माशीला पहिल्याच तासात ऊन गाठतं. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या ओळींत दोन-चार पट्ट्या जास्त लावते मी. वारा माशीला पुढे ढकलतो, मागे आणत नाही.

दाणे गायब असतील तर गुन्हेगार जवळजवळ नेहमी मुंग्या. तिन्हीसांजेला टाचलेली पट्टी सकाळी कोरी. झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्याच्या चिकट गोड पाण्यासाठी मुंग्यांची रांग आधीच लागलेली असते, आणि आपण त्या रांगेतच ताट वाढून ठेवतो. टाचण्याआधी खोडाकडे बघा, रांग दिसली तर शेजारचं झाड घ्या. पान जमिनीला किंवा तणाला टेकलेलं नको. मुंग्या फारच असतील तर चहाचा कागदी कप उलटा करून, आत पट्टी लावून, दोऱ्यानं फांदीला टांगा आणि दोऱ्याला ग्रीस फासा. पावसापासूनही तो कप वाचवतो. आणखी एक उपाय म्हणजे माशी निघायच्या आदल्या संध्याकाळीच पट्टी लावणं : मुंगीला एकच रात्र मिळते. बाटलीतली पट्टी इथे उपयोगी पडते. बाटलीत पहिली माशी दिसली, त्याच संध्याकाळी शेतातलं लावून टाका.

६. फवारणी, तुमची आणि शेजाऱ्याची

"आम्ही काहीच मारलं नाही ताई" हे मी फार ऐकलं आहे, आणि ते खरंही असतं. पण शेजारच्या नानांनी दोन दिवसांपूर्वी मारलेलं असतं आणि वारा तुमच्या शेताकडे येणारा असतो.

सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस या सगळ्यांनी ही माशी मरते. पानावर बसलेला अंशही पुरतो, कारण ती पानावर चालत फिरते. गंधकाची भुकटीही तिला जड जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बुरशीनाशक आहे, किड्याला काय करणार असं वाटतं. फवारणीनंतर किमान ७ ते १० दिवस जाऊ द्या, जहाल औषध असेल तर १५. कार्ड लावल्यावरही आठवडाभर पंप बाहेर काढू नका. मध्ये काही द्यावंच लागलं तर बीटी जिवाणू, एचएएनपीव्ही (हिरव्या बोंडअळीला रोग लावणारा विषाणू) यांच्यासारखी फक्त अळीच्या पोटात काम करणारी औषधं तिला सोसतात. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलही त्या मानानं सौम्य आहे. निंबोळी अर्क बरा, पण त्याच दिवशी नको.

पहिल्या खेपेला फरक आणि पुढे शून्य, या लक्षणाचं कारण मला बहुतेक इथेच सापडलं आहे. पहिल्या कार्डानंतर चार डोमकळ्या दिसतात, धीर सुटतो, दुकानदार काहीतरी देतो, ते मारलं जातं आणि त्यावर दुसरं कार्ड लावलं जातं. मी रागवत नाही. कर्जानं उभं केलेलं पीक डोळ्यांसमोर जात असताना हात पंपाकडे जातोच. पण मग ते दुसरं कार्ड विकत घेऊ नका, एवढं तरी करा.

शेजाऱ्यांशी बोला. आमच्या गटात आता फवारणीचा दिवस मोबाइलवर आदल्या रात्री सांगायची पद्धत पडली आहे.

७. माशी चुकीची की पीक चुकीचं

ट्रायकोग्रामा ही एक माशी नाही, त्यात पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीची आवड वेगळी. उसाच्या खोडकिडीवर आणि हिरव्या बोंडअळीवर चिलोनिस. भाताच्या खोडकिडीवर जॅपोनिकम. गुलाबी बोंडअळीवर तिची चुलतबहीण ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री. शहाद्याकडे उसासाठी आणलेली चिलोनिसची कार्डं उरली म्हणून कापसाला टाचली आणि गुलाबी अळी आली, तर कार्डाला बोल लावू नका. पाकिटावर जातीचं नाव छापलेलं नसेल तर विचारा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका. डोळ्यांनी या जाती ओळखता येत नाहीत, मलाही नाही. त्याला सूक्ष्मदर्शक आणि जाणता माणूस लागतो.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि बघता बघता आपल्या मक्यात आली. तिची अंडी शेकड्यानं एकावर एक थर देऊन घातलेली असतात आणि वर पतंगाच्या अंगावरच्या केसांचं पांघरूण असतं. ट्रायकोग्रामा वरच्या थरापुरतीच पोहोचते. खालच्या थरात शिरणारी टेलेनोमस रेमस ही वेगळी माशी आहे. मक्यासाठी कार्ड घेताना ट्रायकोग्रामाची प्रेटिओसम जात की टेलेनोमस, हे विचारूनच घ्या.

आणि हरभरा. रब्बीत घाटेअळीसाठी कार्ड हवं म्हणून लोक येतात, कारण कापसातली हिरवी बोंडअळी आणि हरभऱ्यातली घाटेअळी एकच. मग तिथे का चालत नाही? पहाटे हरभऱ्यातून चाललात तर पायांना जी आंब लागते, जुनी माणसं फडकं फिरवून पोटदुखीसाठी जी गोळा करायची, ती आंब हेच कारण. ते आम्ल झाडाच्या केसांवर साचतं आणि एवढीशी माशी त्यात टिकत नाही. माशी उत्तम, अंडी हजर, वेळ बरोबर, आणि तरीही निकाल शून्य. हरभऱ्यात पक्षिथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या), कामगंध सापळे आणि एचएएनपीव्ही यांवर पैसे घाला.

८. शेतात माशी काम करते का, याचा पुरावा

ही शेवटची आणि सगळ्यात कष्टाची. प्रयोगशाळेकडून कोरसायराची ताजी, अतिनील दिव्याखाली धरलेली, पण माशी न सोडलेली पांढरी अंडी चिकटवलेल्या पट्ट्या मागवा. कार्ड लावल्याच्या दुसऱ्या दिवशी अशा दहा पट्ट्या शेतात वेगवेगळ्या ठिकाणी टाचा, दोन दिवसांनी काढून आणा आणि घरी बाटलीत ठेवा. चार दिवसांनी दाणे काळे झाले तर तुमच्या शेतात माशी जिवंत आहे आणि काम करते आहे. कोणत्या कोपऱ्यातली पट्टी पांढरीच राहिली त्यावरून वारा, फवारा, मुंग्या यांचा माग लागतो.

हिरव्या बोंडअळीची अंडी शेंड्याच्या पानांवर सुटी सुटी दिसतात. ती पानासकट आणूनही बघता येईल. फक्त एक फसगत टाळा : उबायला आलेलं अंडंही काळसर दिसतं. त्यात एका बाजूला अळीच्या डोक्याचा ठिपका असतो. माशीनं ज्यात आपलं अंडं घातलं ते मात्र पूर्ण, सारखं काळं असतं.

इथे थांबा

कार्डाच्या मागे लागायचं कुठवर, याची रेघ आधीच आखून ठेवा.

सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा जास्त पतंग पडले, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय केला नाही तर नुकसान खर्चापेक्षा जास्त. त्यापुढे फक्त कार्डावर विसंबू नका. माझ्याकडूनही कार्ड घेऊ नका. त्याच दिवशी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या पीक संरक्षणाच्या तज्ज्ञांना गाठा. जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल इथे अशी केंद्रं आहेत, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतही आहेत. कोणतं औषध, किती, हे त्यांना ठरवू द्या. दुकानात उभं राहून दोन-तीन औषधं एकत्र करू नका.

सलग दोन बॅचच्या पट्ट्या बाटलीतही रिकाम्या गेल्या, तरीही थांबा. तो दोष बनवणाऱ्याकडचा आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

आणि फवारणी करताना किंवा नंतर कुणाला चक्कर आली, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पीक तिथेच सोडा. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा. सकाळपर्यंत बघू असं म्हणू नका.

तज्ज्ञांकडे जाताना रिकाम्या हातानं गेलात तर तेही अंदाजच सांगणार. सोबत हे न्या : शेतातून काढलेल्या दोन-तीन पट्ट्या, घरच्या बाटलीतली पट्टी, कार्डाचं पाकीट, सापळ्यातल्या रोजच्या पतंगांचा आकडा, फवारणीच्या तारखा आणि औषधांची नावं, आणि त्याच सकाळी तोडलेली वीस बोंडं. बोंडं न फोडता, कागदी पिशवीत. फोडायची ती त्यांच्या टेबलावर.